डाव्या कडेचा कोपर

यवतमाळ,
१२ ऑगस्ट २०२४

आदरणीय गुरुजी,
सप्रेम जयभीम.

मी तुम्हाला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते मला आठवत नाही. तुम्हाला नक्की आठवत असणार, म्हणून तो विषय राहू द्या. नेरच्या शाळेत महिन्याच्या शेवटच्या शनिवारी तुम्ही आम्हाला पत्र लिहायला लावायचे आणि ‘मले’ लिहिलं की लाल पेनानं गोल करायचे. त्या पेनाची भीती अजून गेली नाही. हे पत्रही सांभाळून लिहिते आहे.

परवा दिग्रसच्या स्टँडवर तुमची सून राखी भेटली. तिनं सांगितलं, गुरुजींचे कान पार गेले, मशीन शिट्टी मारते म्हणून काढून ठेवतात, फोन घेतच नाहीत. सांगायचं असेल ते लिहून पाठव म्हणाली.

तर काम असं. तुमच्या मोईतांड्यावरून जाणारा रस्ता रुंद होणार आहे. त्याच्या दोन्ही बाजूंची जुनी बांधकामं आणि आजूबाजूचा मुलूख फोटोत धरून ठेवायचा, असं एका सर्वे एजन्सीचं काम मला मिळालं आहे. एकेचाळीस जागा आहेत. त्यांत तुमच्या तांड्याची दगडी पायविहीर आहे. यादीत नाव वाचलं आणि सातवीतली सहल आठवली. तुमच्या पूर्वजांचे मिठाचे आणि धान्याचे बैल त्या विहिरीवर थांबायचे, हे तुम्ही पायरीवर बसून सांगितलं होतं. आणि काकूंनी आम्हा चाळीस पोरांना पिठलं-भाकर खाऊ घातली होती.

गुरुजी, सोळा वर्षं लग्नाचे फोटो काढले. हसा, जवळ या, मावशी डोळे उघडा, हे सांगून सांगून तोंड दुखलं. खरं सांगते, माणसांचा कंटाळा आला. दगड बरा. तो डोळे मिटत नाही आणि माझा गाल जाड दिसतो म्हणून भांडत नाही. म्हणून आता मी फ्रेममध्ये कोणी ठेवत नाही. वाळत घातलेले कपडे, दोऱ्या, बादल्या, सगळं बाजूला करायला लावते, माणसं जाईपर्यंत थांबते, आणि मगच बटण दाबते. तीन महिने स्कुटीवर फिरून पाठीचा भुगा झालाय, पण फोटो स्वच्छ येतात.

मी २२ तारखेला सकाळी सातला येते. ऊन पायऱ्यांवर तेव्हाच पडतं. दोन तास विहीर मोकळी मिळाली तर फार बरं होईल. तुमच्या शब्दाबाहेर तिथं कोणी नाही, हे मला माहीत आहे.

तुमची विद्यार्थिनी,
उज्ज्वला तेलगोटे


मोईतांडा, ता. दिग्रस,
२८ ऑगस्ट २०२४

चि. उज्ज्वला हिस,
अनेक आशीर्वाद. जय सेवालाल.

तू आलीस, काम करून गेलीस, आणि चहाशिवाय काही घेतलं नाहीस. शरीर फार वाळलं आहे तुझं. डोळ्यांखाली काळं दिसलं. माझ्या वर्गातली तू सगळ्यांत मोठ्यानं हसणारी मुलगी होतीस, म्हणून लिहितो. राग मानू नकोस.

तू गेल्यावर तांड्यात दोन दिवस तुझीच चर्चा होती. आमच्या विहिरीचा फोटो सरकारच्या पुस्तकात जाणार, असं तांड्याच्या नायकानं, हरिसिंगानं, साऱ्यांना सांगून टाकलं. मी सात ते नऊ काठी घेऊन उभा राहिलो आणि चिटपाखरू फिरकू दिलं नाही, हे तू पाहिलंसच. तीजेचे दिवस होते. पोरींनी टोपल्यांत पेरलेल्या गव्हाला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं असतं. बिचाऱ्या घागरी घेऊन मोईच्या झाडाखाली ताटकळत बसल्या. पण एका दिवसाचा प्रश्न होता.

तुझ्या काकूचं मात्र बिनसलं आहे. तू तिसरा की चौथा फोटो घेत होतीस तेव्हा ती डाव्या बाजूनं दोर घेऊन शिरली, तू कपाळाला आठी घातलीस आणि मी तिच्यावर ओरडलो. ‘तीजेचं पानी थांबते का कोनासाठी?’ असं काहीसं ती म्हणाली असावी. ओठांवरून मला तेवढंच समजलं. अर्धी घागर घेऊन परत गेली. त्या दिवसापासून तिनं माझ्याशी अबोला धरला आहे. माझे कान गेलेले असल्यामुळे मला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

फोटो झाले की एक प्रत पाठव. मोठी पाठव. चष्म्याचा नंबरही वाढला आहे.

तुझा,
फुलसिंग आडे


यवतमाळ,
२५ सप्टेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

सोबत फोटो पाठवला आहे. पोस्टात दुमडू नये म्हणून दोन्हीकडून पुठ्ठा लावला, तरी देव जाणे.

आतापर्यंतच्या बत्तीस जागांत हा एक नंबर आला. एजन्सीतल्या साहेबांनी टेबलावर ठेवून सगळ्यांना दाखवला. तेवीस पायऱ्या, बैलांची दगडी डोण, काठावर दोरांनी पडलेल्या खाचा, आणि मागे पऱ्हाटीचं हिरवं वावर. मला स्वतःला खूप दिवसांनी आपलं एखादं काम आवडलं. नाहीतर आजकाल फोटो काढून झाला की पाहावासाच वाटत नाही, लॉजवर जाऊन आडवी होते.

डाव्या कडेला काकूंचा कोपर आला होता, पांढऱ्या बांगड्यांसकट. त्यानंतर ऊन वर गेलं आणि तसा उजेड पुन्हा मिळाला नाही, म्हणून तोच फोटो घेतला आणि कोपर कॉम्प्युटरवर पुसला. आता कोणाला सांगून पटणार नाही की तिथं कोणी होतं. काकूंना सांगू नका.

आणि बरं झालं, तुमच्या विहिरीवर मोटर नव्हती. बाकी ठिकाणी पाइप आणि वायरी पुसता पुसता माझ्या बोटांना गोळे आलेत.

अजून नऊ जागा बाकी आहेत. उद्या नेर. तिथल्या जुन्या गढीच्या दारात एक शिंपी मशीन घेऊन बसतो म्हणे. त्याला उठवावं लागेल.

काकूंना नमस्कार. अबोला सुटला का?

तुमची,
उज्ज्वला


मोईतांडा,
१९ नोव्हेंबर २०२४

चि. उज्ज्वला,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. कापूस वेचणीचे दिवस, घरात कोणी नसतं, आणि पोस्टात जायला मी एकटाच उरतो, म्हणून राहून गेलं.

फोटो दिग्रसहून काचेत बसवून आणला आणि बैठकीत लावला. येणारा-जाणारा उभा राहून पाहतो. तुझी काकू बराच वेळ पाहत राहिली आणि मला खुणेनं विचारलं, ‘कोनाची विहीर हाये हे?’ आपलीच, म्हटलं. तिनं मान हलवली आणि चुलीकडे गेली. अबोला सुटला आहे, पण एवढाच.

आता एक अडचण लिहितो. गेल्या सोमवारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रस्त्याच्या कामाची यादी लागली. तिच्यात असं आहे: ‘दगडी पायविहीर, मोईतांडा. वापरात नाही. धोकादायक. बुजवून सपाट करणे.’

मी तीनदा वाचलं. मग राखीला वाचायला लावलं, डोळेही गेले की काय म्हणून.

तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. नळाची टाकी आहे, पण फेब्रुवारी संपला की तिच्यात पाणी चढत नाही. तिथून पुढे पाऊस पडेपर्यंत साठ घरं, गुरंढोरं, सगळी या एका विहिरीवर जगतात. ती कधी आटलेली मी माझ्या बहात्तर वर्षांत पाहिली नाही. वापरात नाही हे कोणी ठरवलं? इथं पाहायला तर कोणी आलंच नाही. तुझ्याशिवाय.

तू त्या लोकांत ऊठबस करतेस. कुठे, कोणाला लिहायचं ते सांग. काहीतरी लिहिण्यातली चूक झाली असणार. ती दुरुस्त करता येते.

तुझा,
फुलसिंग आडे


यवतमाळ,
२ डिसेंबर २०२४

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

पत्र मिळालं. ऑफिसात विचारते. तिथं एकाचं काम दुसऱ्याला माहीत नसतं, त्यामुळे वेळ लागेल.

मी सध्या फार फिरतीवर आहे आणि अंगात कणकण आहे. लांब लिहिता येत नाही. काळजी करू नका.

तुमची,
उज्ज्वला


मोईतांडा,
६ जानेवारी २०२५

चि. उज्ज्वला,
आशीर्वाद. ताप उतरला का?

महिना वाट पाहिली. मग हरिसिंगाला घेऊन मीच यवतमाळच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकून बाई भल्या होत्या. मला ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी कागदावर लिहून उत्तरं दिली. फाइल काढून समोर ठेवली. प्रत्येक जागेचं एक पान, वर फोटो आणि खाली रकाने. ‘वापर’ असा एक रकाना आहे. तो फोटो पाहून भरतात, असं त्यांनी लिहून दिलं. जागेवर जायला तेवढी माणसं नाहीत म्हणे.

आमच्या पानावर तुझा फोटो आहे, जो माझ्या बैठकीत आहे तोच. मी त्या बाईंच्या जागी बसून पाहिला. दोर नाही, घागर नाही, माणूस नाही, ढोर नाही. मीही ‘वापरात नाही’ असंच लिहिलं असतं.

तुझा दोष नाही. आता माझा ऐक. तू येण्याच्या आदल्या दिवशी मी शेजारच्या बादलला आणि त्याच्या भावाला विहिरीत उतरवून मोटर वर काढली. पाइप, वायर, सगळं त्याच्या गोठ्यात नेऊन ठेवलं. पायऱ्या झाडल्या. डोणीत वैरणीच्या काड्या होत्या त्याही उचलल्या. माझी विद्यार्थिनी मोठा कॅमेरा घेऊन येते आहे, आपली विहीर नवरीसारखी दिसली पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. तू पत्रात मोटर नव्हती म्हणून आनंद केलास तेव्हा मला सांगता आलं असतं. तुझा आनंद मोडवेना, आणि थोडी मिरवायची हौसही होती. या वयात.

तुझ्या काकूला सगळं समजलं आहे. तिनं माझ्या कानाजवळ तोंड आणून सांगितलं, त्यामुळे ते साऱ्या तांड्यानं ऐकलं. ‘तुमी दोघं शिकलेले. दोघाईनं मिळून आमाले विहिरीवरून हाकललं.’

हरकत द्यायची मुदत ३१ जानेवारी. आम्ही साठ घरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज दिला. कारकून बाईंनी लिहून दिलं की अर्ज ठीक आहे, पण फोटोसोबत प्रमाणपत्र जोडलेलं आहे, त्यामुळे फोटोचं वजन जास्त. ते प्रमाणपत्र कोणाचं हे मी विचारलं नाही.

तुझ्या कामाला बाधा येईल असं काही करू नकोस. फक्त माहीत असावं म्हणून लिहिलं.

तुझा,
फुलसिंग आडे


यवतमाळ,
१३ जानेवारी २०२५

गुरुजी,

प्रमाणपत्र माझं आहे. तुम्हाला ते माहीत होतं म्हणूनच तुम्ही विचारलं नाही.

‘छायाचित्र प्रत्यक्ष स्थितीनुसार असून त्यात कोणताही फेरफार केलेला नाही.’ एकेचाळीस पानांखाली एकेचाळीस सह्या केल्या. एका बैठकीत, चहा पिता पिता. वाचलंसुद्धा नाही.

आणखी सांगते. तुमचं नोव्हेंबरचं पत्र आलं त्याच दिवशी मी ऑफिसात जाऊन ते पान पाहिलं होतं. मला तेव्हाच समजलं. ताप वगैरे काही नव्हता गुरुजी. मी खोटं लिहिलं. दीड महिना मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगते, आणि संध्याकाळी थकून झोपायची. साहेबांना एवढं विचारलं, की समजा एखाद्या फोटोत मी काही पुसलं असेल तर? ते म्हणाले, ‘एक पुसला असेल तर एकेचाळीस पुसलेत असं धरतील. मॅडम, असं बोलू नका.’ म्हणून बोलले नाही.

हे काम मला किती वर्षांनी मिळालं, तुम्हाला नाही माहीत. नेरच्या एका मजुराची पोरगी. लोक म्हणायचे, बाई असून लग्नाचे फोटो काढते. आता म्हणतात, सरकारच्या कामाचे काढते. माझ्या आईनं वस्तीत सगळ्यांना सांगितलंय. ते सोडवत नाही. तुमची मोटर आणि माझं हे, एकाच जातीचं दुखणं दिसतं.

मूळ फोटो माझ्याकडे आहे, काकूंच्या कोपरासकट. मी काही फेकत नाही. काल काढून पाहिला. चार पांढऱ्या बांगड्या आणि ताणलेला निळा दोर. दोराला वजन आहे, म्हणजे खाली घागरीत पाणी आहे. तारीख, वेळ, सगळं फाइलीत आहे. सकाळी आठ वाजून बारा मिनिटं. हा आणि पुसलेला, दोन्ही शेजारी ठेवून प्रतिज्ञापत्र दिलं तर विहीर वापरात होती हे सिद्ध होतं. आणि मी खोटी सही केली हेही.

मी काय करू? तुम्ही सांगाल ते करते. मले काही सुचून नाही राह्यलं. करा गोल.

उज्ज्वला


मोईतांडा,
१९ जानेवारी २०२५

चि. उज्ज्वला,

नको करूस. विहिरीचं आम्ही पाहू. कोर्टात जाऊ, रस्त्यावर बसू. तुझं नाव एकदा खराब झालं की पुन्हा काम मिळणार नाही. मी तुला शिकवलं ते याच्यासाठी नाही.

लाल गोल केलेला नाही.

फुलसिंग आडे

(ताई, मी राखी. बाबांनी पत्र पोस्टात टाकायला दिलं, ते मी आईंना वाचून दाखवलं. आई म्हणतात, खाली लिही: ‘म्हाताऱ्याचं ऐकू नको. फेब्रुवारी लागून राह्यला. माहा हात माह्या जागी ठेव.’)


यवतमाळ,
३० जानेवारी २०२५

आदरणीय गुरुजी,
जयभीम.

आज प्रतिज्ञापत्र दिलं. एक दिवस आधी. दोन्ही फोटो जोडले. मोटरीचंही लिहिलं, पण तुमचं नाव घातलं नाही. ‘छायाचित्रासाठी जागा मोकळी करण्यात आली होती’ एवढंच. ते तर खरंच आहे, आणि मोकळी करा असं सांगणारी मी.

कारकून बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘तुम्ही ह्या मोईतांड्याच्या का?’ मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग काहून? मी अर्जाची पोच मागितली.

दुपारी एजन्सीचा फोन आला. काम काढून घेतलं. बाकीची चाळीस पानंही परत तपासणार आहेत. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

कचेरीबाहेर पायरीवर बसून मी सगळ्या जागा आठवल्या. नेरच्या गढीतला शिंपी. त्यानं उठताना अर्धवट शिवलेला ब्लाउज छातीशी धरला होता. दिग्रसजवळच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याखाली तीन बाया सावलीत डबा खात बसल्या होत्या, त्या माझ्यासाठी उन्हात गेल्या. एका दर्ग्याच्या ओसरीत म्हातारा झोपला होता, त्याला उठवलं. एकेचाळीस ठिकाणांहून मी माणसं उठवली, गुरुजी, आणि प्रत्येक जण हसत उठला. एकानं तरी शिवी द्यायची होती.

आता ह्या सगळ्या जागी परत जावं लागेल. कोणी सांगितलं नाही, कोणी पाठवत नाही. त्या पानांवरही काय काय लिहिलं गेलंय ते पाहिल्याशिवाय झोप यायची नाही. फार थकले आहे. पण उद्या नेरहून सुरुवात करते.

आईला अजून सांगितलं नाही.

तुमची,
उज्ज्वला


मोईतांडा,
११ मार्च २०२५

उज्ज्वलाबाई,

मी रुपीबाई. लिहून राह्यली राखी, बोलून राह्यली मी. म्हातारा दिग्रसले गेला कानाची मशीन दाखवाले, म्हनून निवांत हाये. राखीले सांगतलं, मी बोलतो तसंच लिही, चांगलं करू नको.

मांगच्या सोमवारी सायब आलते विहीर पाहाले. तुह्या त्या कागदावरून आले. आठ दिवस आधी चिठ्ठी आलती. आली तशी म्हाताऱ्याले घाई सुटली. हरिसिंगाले बोलावलं, साऱ्या तांड्यात निरोप धाडला, की सोमवारी साऱ्या बायाईनं सनावाराचे फेटिया घागरे नेसून, घागरी घेऊन विहिरीवर उभं राहाचं. पोरीईले गाने म्हनाले लावाचे. डोनीवर धा बैल बांधाचे. मोटर चालू ठेवाची.

मी म्हनलं, बाप्पा! मांगच्या डावी तुमी विहीर खाली करून दाखवली, आता भरून दाखवता का? कोनी येनार नाई. हरभरा उभा हाये वावरात. जे रोज असते ते असन.

दोन दिवस जेवला नाई. मी बी आग्रह नाई केला.

सोमवारी साऱ्या बाया हरभरा काढाले गेल्या. अकरा वाजता विहिरीवर कोन राहाते? मी राहातो. माह्या गुडघ्यानं वावरात जानं होत नाई, म्हनून घरच्या दोन बैलाईले अन् म्हशीले मी पानी पाजतो. मोटर असली तरी डोनीतलं मी दोरानंच भरतो, लाइनीचा काय भरोसा. तर मी वढून राह्यली, अन् गाडी आली. सायब उतरले, आनखी दोघं होते. म्हातारा धोतर सावरत मांगं.

सायबानं मोबाइल काढला. चांगला मानूस होता, पोरासारखा. मले म्हने, ‘आजी, जरा बाजूला होता का? विहिरीचा फोटो घ्यायचाय.’

अन् म्हाताऱ्याले ऐकू आलं नसन, पन सवय. त्यानं हात केला. सरक, सरक.

मी नाई सरकली.

घागर अर्ध्यात होती. दोर धरून उभीच राह्यली. सायब म्हने, ‘आजी?’ मी म्हनलं, नाई सरकत. मांगच्या डावी सरकली तं तुमच्या कागदात इथं कोनीच राहात नाई. काढाचा असन तं असाच काढा.

म्हाताऱ्यानं डोक्याले हात लावला. मंग सायबानं मोबाइल खिशात टाकला अन् म्हनलं, आधी पानी पाजा. मी घागर वर घेतली, वंजळीत वतलं. तिघाईनंबी पेलं. मंग काढला फोटो. राखी तेवढ्यात वावरातून आली, तिनं पाह्यला त्याईच्या मोबाइलात. म्हनते, त्याच्यात मी हावो, दोर हाये, मोटरीचा पाइप हाये, म्हशीचं शेपूट हाये, अन् म्हातारा तोंड वासून उभा हाये. खराब आला म्हनते. येऊ दे.

काल कागद आला. यादीतून आपली विहीर काढली. ‘वापरात आहे’ असं लिवलं. रस्ता मोईच्या झाडाच्या पलीकडून जाईन. तांड्यात गूळ वाटला.

आता तुह्यं. तुह्यं काम गेलं, हे राखीनं वाचून दाखवलं. मले लय वाईट वाटलं. तवा मी ‘हात माह्या जागी ठेव’ म्हनलं, रागात म्हनलं. मले नाई माहीत होतं का त्याच्यापायी तुह्यं घर हालन. माहीत असतं तरी म्हनलं असतं, खोटं कायले बोलू. पन मंग जवळ बसवून म्हनलं असतं.

आईले सांग. मायपासून लपवू नको, तिले आधीच समजलं असन.

तुह्या त्या मोठ्या फोटोचं सांगतो. म्हातारा भितीवरून काढाले निंगाला होता. मी म्हनलं, राहू द्या, पोरीनं मेहनत केली. तू कचेरीत देल्ला तो कोपराचा फोटो एक आमालेबी पाठव. त्याच्याच बाजूले लावतो.

अन् ते तू परत हिंडून राह्यली ना, साऱ्या गावाईले, राखीनं सांगतलं. हिंड, पन जेवत जाय.

तीजेले ये. पोरी गहू पेरतीन, सकाळ-संध्याकाळ पानी भराले येतीन. कॅमेरा आन. त्याईले थांब म्हनजो नको. मधात आल्या तं येऊ देजो. सरकाचंच असन तं या डावी तू सरकजो.

रुपीबाई
(अंगठा)